सर्वांना एकच यादी: रत्नागिरीतील एका आरोग्य तपासणी पॅकेजचे परीक्षण

रत्नागिरी शहरातील एका खाजगी रुग्णालयाने गणेशोत्सवाच्या तोंडावर संपूर्ण शरीर तपासणीची तीन पॅकेजे सवलतीच्या दरात जाहीर केली होती: दीड हजारांचे सिल्व्हर, चार हजारांचे गोल्ड आणि साडेआठ हजारांचे प्लॅटिनम. नोकरीनिमित्त ठाण्याला असलेल्या माझ्या थोरल्या दिरांनी घरातल्या तिघांसाठी गोल्ड आणि सासूबाईंसाठी प्लॅटिनम असे पैसे भरून टाकले. त्यामुळे २७ वर्षांचा पुतण्या, ४८ वर्षांची मी, ५३ वर्षांचे माझे यजमान आणि ७४ वर्षांच्या सासूबाई अशी चार निरनिराळ्या वयांची माणसे एकाच सेवेतून कशी पार पडतात हे जवळून पाहता आले. चाकरमानी मुलांनी गावी आईवडिलांसाठी कपड्यांबरोबर तपासणीची पावतीही पाठवावी ही पद्धत कोकणात आता चांगलीच रुळली आहे, आणि ती वाईटही नाही. मात्र त्या पावतीत नेमके काय आहे ते पाठवणारा सहसा वाचत नाही आणि ज्याच्यासाठी पाठवली तो विचारत नाही, म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. माणसे नम्र आहेत, प्रयोगशाळेचे काम चोख आहे आणि वेळ पाळली जाते. खोट आहे ती यादीत. पॅकेज जितके महाग तितक्या चाचण्या जास्त, एवढ्या एकाच हिशेबाने ती यादी बनवलेली आहे आणि समोरच्या माणसाचे वय काय, त्याच्या घरात कोणते आजार आहेत, तो तंबाखू खातो का, याचा तिच्याशी काहीही संबंध नाही.

गोल्डच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘७२ चाचण्या’ असे छापलेले आहे, तेव्हा प्रथम ही ७२ संख्या कशी भरते ते पाहू. रक्ताच्या एका नळीतून यंत्र जो सीबीसी (रक्तपेशींची संपूर्ण मोजणी) अहवाल काढून देते, त्यातील हिमोग्लोबिन, तांबड्या पेशींची संख्या, त्यांचे सरासरी आकारमान, पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार हे सगळे सुटे मोजले की त्याच एका तपासणीच्या वीसेक चाचण्या होतात. लघवीच्या साध्या तपासणीतील रंग आणि गढूळपणा याही दोन स्वतंत्र चाचण्या धरल्या जातात, आणि कोलेस्टेरॉलच्या अहवालातील गुणोत्तरे तर निव्वळ भागाकार असल्यामुळे त्यांना रक्ताचा थेंबही वेगळा लागत नाही. हे फसवणुकीत मोडत नसले तरी तीस-पस्तीस आकडे असे फुगवल्यावर ग्राहकाची समजूत व्हायची ती होतेच.

आकडे वाढण्याचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. अहवालात ‘सामान्य मर्यादा’ म्हणून जो पल्ला छापलेला असतो, तो बहुतेक चाचण्यांच्या बाबतीत ९५ टक्के निरोगी माणसे ज्यात बसतात असा निवडलेला असतो. याचा अर्थ ठणठणीत माणसाच्याही दर वीस निकालांपैकी साधारण एक मर्यादेबाहेर पडणारच आणि ७२ निकालांत तीन-चार ठिकाणी तांबडी अक्षरे उमटणारच. आमच्या पुतण्याच्या अहवालात असे चार तांबडे आकडे होते. त्यांपैकी एकालाही उपचाराची गरज नव्हती, तरी ते पाहून त्याच्या आईने ठाण्याहून केलेले फोन मोजण्यापलीकडे होते.

आता जे चांगले आहे त्याकडे वळते, कारण त्याचे श्रेय द्यायलाच हवे. सकाळी सात वाजता रक्त घेणारी मुलगी हजर होती. तिने प्रत्येकाला स्वतःचे पूर्ण नाव आणि वय तोंडाने सांगायला लावले, नळीवरची चिकटपट्टी त्याच्याशी ताडून पाहिली आणि मगच दंडाला पट्टा बांधला. सीबीसी आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा अंदाज देणारी चाचणी) यांसाठी जांभळ्या टोपणाची नळी, साखरेसाठी करड्या टोपणाची, असा क्रम तिने कुठेही चुकवला नाही. करड्या टोपणाच्या नळीत फ्लोराइड असते आणि त्यामुळे रक्तपेशींनी नळीतली साखर खात राहण्याची क्रिया रोखली जाते. साध्या नळीत रक्त तसेच पडून राहिले तर साखर तासाला पाच-सात टक्क्यांनी उतरत जाते, आणि पावस किंवा जयगडकडच्या गावांतून घरपोच गोळा केलेले नमुने दुचाकीवरून शहरात पोहोचायला लागणारा वेळ लक्षात घेतला तर ही खबरदारी किती महत्त्वाची आहे ते कळते. जेवणानंतरच्या साखरेसाठी उपाहारगृहात कांदेपोहे दिले गेले आणि पहिला घास कधी घेतला ती वेळ कागदावर टिपली गेली, कारण दोन तास तेथूनच मोजायचे असतात. अनेक ठिकाणी ते हात धुतल्यापासून मोजतात. अहवाल त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आला. तो मराठीत असता तर सासूबाईंनाही वाचता आला असता, पण ही तक्रार एकट्या या रुग्णालयाबद्दल करणे बरोबर नाही.

रक्ताच्या बाबतीत इतकी काटेकोर असलेली हीच जागा रक्तदाबाच्या बाबतीत मात्र इतकी निष्काळजी का असावी, हे मला अजून उमगलेले नाही. रक्तदाब पाहण्याची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट स्ट्रेचरसाठी राखीव आहे. सासूबाई जिना चढून वर आल्या, पाठ न टेकता स्टुलावर बसल्या, आणि त्यांच्या लुगड्याच्या पदराविषयी व गावच्या पावसाविषयी बोलत बोलतच परिचारिकेने ब्लाउजच्या बाहीवर पट्टा गुंडाळून १६८/९४ असा आकडा लिहून टाकला. वास्तविक पाच मिनिटे शांत बसवून, पाठीला आधार देऊन, पाय जमिनीवर टेकवून, उघड्या दंडावर, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून आणि न बोलता मोजावा, एवढीच त्याची रीत आहे आणि तिला एक पैसाही जास्त लागत नाही. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा वर जातो, बोलण्याने वर जातो, भरलेल्या मूत्राशयानेही वर जातो. शिवाय एका दिवशीच्या एका मोजणीवरून उच्च रक्तदाबाचे निदान करायचे नसते. घरी आल्यावर दुपारच्या झोपेनंतर आमच्या यंत्रावर दोनदा मोजला तेव्हा तो १४० च्या आतच होता.

त्या १६८ आकड्यामागे आणखी एक कारण होते. पॅकेजबरोबर मिळालेल्या सूचनापत्रात ‘बारा तास उपाशी राहावे, सकाळची कोणतीही गोळी घेऊ नये’ असे सरसकट छापलेले आहे. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी रिकाम्या पोटी घेतली तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, म्हणून त्या गोळीपुरती ती सूचना योग्यच आहे. पण रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर नेहमीप्रमाणे घ्यायला सहसा हरकत नसते. सासूबाईंनी सूचना अक्षरशः पाळली आणि मधुमेहाची व रक्तदाबाची अशा आपल्या दोन्ही गोळ्या घेतल्या नाहीत. पहाटेच्या एसटीने लांबून येणाऱ्या वृद्ध मधुमेही माणसाला इतका वेळ उपाशी ठेवणे हाच मुळात जोखमीचा प्रकार आहे. बारा तासांचा हट्ट अनेकदा कोलेस्टेरॉलसाठी धरला जातो, आणि आता बहुतेक माणसांच्या पहिल्या तपासणीसाठी कोलेस्टेरॉल उपाशीपोटी पाहणे आवश्यक मानले जात नाही. उपाशीपोटीच्या साखरेला आठ तास पुरतात. रक्त काढून झाल्यावर सासूबाई त्या मुलीला म्हणाल्या, “अगो, एवढं रक्त घेतलंस, आता घोटभर चहा तरी दे.” तो तिने लगेच आणून दिला हेही नमूद करते.

वयाचा आणि यादीचा मेळ कसा बसत नाही ते आता एकेकाच्या बाबतीत सांगते.

पुतण्या एमआयडीसीत पाळीची नोकरी करतो, त्याच्या वडिलांना चाळिशीतच मधुमेह झालेला आहे आणि त्याची कंबर पँटच्या मापाने दर दिवाळीला एकेक इंच पुढे सरकते आहे. या वयात त्याला हवे होते ते असे: नीट घेतलेला रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, वजन-उंचीचे गुणोत्तर (बीएमआय), टेपने मोजलेला कमरेचा घेर आणि तंबाखू, गुटखा, दारू, झोप, मन यांविषयी कोणीतरी बसून विचारलेले चार प्रश्न. पॅकेजने त्याला साखर दिली, त्याशिवाय व्हिटॅमिन डी, बी-१२, थायरॉइड आणि पट्ट्यावर पळवून काढायचा हृदयालेख (ईसीजी) दिला, पण घेर कोणी मोजला नाही. कसलीही तक्रार नसलेल्या आणि हृदयविकाराचा धोका कमी असलेल्या तरुणाला असा हृदयालेख काढून देण्यात फायद्यापेक्षा खोट्या धोक्याची सूचना मिळण्याचीच शक्यता जास्त असते, म्हणून अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने अशा माणसांसाठी तो करू नये असेच सांगितले आहे. त्याचे वजन-उंचीचे गुणोत्तर २४.६ आले आणि अहवालात त्यापुढे ‘सामान्य’ असे छापले होते, कारण यंत्रात २५ ही पाश्चात्त्य मर्यादा भरलेली आहे. आपल्याकडच्या माणसांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून स्थूलपणा धरावा, आणि घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर असावी, हे भारतीय वैद्यक क्षेत्राने केव्हाच स्वीकारलेले आहे. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि सुमारे १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावरची माणसे आहेत. त्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाला ‘सामान्य’ म्हणून घरी पाठवणे ही माझ्या मते पॅकेजची मोठी हार आहे.

माझ्या वाट्याला आलेल्या यादीचे नाव ‘गोल्ड महिला’ असे होते आणि तिच्यात ‘स्त्रियांच्या कर्करोगाची तपासणी’ असा एक रकाना होता. प्रत्यक्षात तो सीए-१२५ या रक्तचाचणीचा निघाला. ही चाचणी अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा पाठपुरावा करण्यासाठी उपयोगी आहे. पण लक्षणे नसलेल्या आणि घराण्यात तो आजार नसलेल्या स्त्रीमध्ये तिने कर्करोग हुडकून मृत्यू टळतात असे दिसलेले नाही, उलट पाळी, फायब्रॉइड, एंडोमेट्रिऑसिस अशा साध्या कारणांनीही तो आकडा वाढतो आणि मग सोनोग्राफी, सीटी, शस्त्रक्रिया अशी रांग लागते. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी, गर्भाशयमुखाची चाचणी आणि स्तनांची हाताने तपासणी या तीन गोष्टी रकान्यात नव्हत्या. मी विचारले तेव्हा ‘मॅडम बुधवारी आणि शनिवारी असतात, त्याचे वेगळे पैसे पडतील’ असे उत्तर मिळाले.

हे मला फार खटकले, कारण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत जगाने जे पुरावे मान्य केले त्यांतले मोठे पुरावे आपल्याच राज्यातून गेलेले आहेत. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे त्यात दिसले. मुंबईतील वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून पांढरे डाग उमटतात का एवढे पाहिले तरी मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेचे उद्दिष्ट ७० टक्के स्त्रियांची वयाच्या ३५ व्या आणि पुन्हा ४५ व्या वर्षापर्यंत एचपीव्हीसारखी खात्रीशीर चाचणी व्हावी असे आहे. ४८ व्या वर्षी चार हजार रुपये मोजून येणाऱ्या बाईच्या यादीत हे नसावे आणि सीए-१२५ असावी, याचे समर्थन कसे करायचे?

स्तनांच्या तपासणीचीही गोष्ट अशीच आहे. मुंबईत १९९८ पासून दीड लाखांवर स्त्रियांच्या वीस वर्षे चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. दर दोन वर्षांनी प्रशिक्षित सेविकांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात सापडले, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. अमेरिकेत चाळिशीपासून दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीची (स्तनांच्या क्ष-किरण तपासणीची) शिफारस २०२४ मध्ये झाली आहे, परंतु ते यंत्र आणि तो अहवाल वाचणारा जाणकार गावोगाव मिळणार नाही हे उघड आहे. दहा मिनिटे आणि एक शिकलेली परिचारिका एवढ्यावर होणारी तपासणी तरी पॅकेजमध्ये असायला काहीच अडचण नव्हती.

माझ्या अहवालात आणखी एक मौज झाली. एचबीएवनसी ६.० आल्यामुळे त्यापुढे ‘मधुमेहपूर्व अवस्था’ असा शिक्का होता, आणि त्याच कागदावर उपाशीपोटीची साखर ९२ व हिमोग्लोबिन १०.१ असे होते. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी झालेले असेल तर एचबीएवनसी खोटीच वर दिसू शकते, ही गोष्ट दोन पानांवर पसरलेले तीन आकडे एकत्र वाचल्याशिवाय कळत नाही. समारोपाच्या भेटीत डॉक्टरांनी पाने उलटली, ‘गोड कमी करा, फिरायला जा’ असे सांगितले आणि पुढच्या नावाची हाक गेली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी नंतर त्याच कागदावरून आधी पाळीच्या अतिरक्तस्रावाची चौकशी केली, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि रक्त भरून आल्यावर एचबीएवनसी पुन्हा पाहू असे ठरवले. पॅकेजमध्ये मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब हीच भेट आहे, आणि तिला पाच मिनिटेही मिळत नाहीत.

यजमानांविषयी थोडक्यात लिहिते. त्यांची पीएसए ही प्रोस्टेटची चाचणी न विचारता केली गेली. ५५ ते ६९ या वयात तिचे फायदे-तोटे समजावून सांगून माणसाने स्वतः ठरवायची ती चाचणी आहे, आणि ते तर अजून त्या वयाचेही नाहीत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी अमेरिकेत ४५ पासून सांगतात. आपल्याकडे तो आजार तुलनेने कमी असल्याने राष्ट्रीय कार्यक्रमात ती नाही, मात्र घराण्यात कोणाला झालेला असेल तर डॉक्टरांना सांगायला हवे. हे विचारणारा रकाना अर्जात नव्हता. आणि ज्या माणसाच्या खिशात पानाची पुडी स्पष्ट दिसत होती त्याला ‘तोंड उघडा’ असे दिवसभरात कोणीही म्हटले नाही.

तोंडाच्या तपासणीचा हा मुद्दा कोकणात टाळून चालत नाही. इकडे पुरुषांच्या तंबाखूविषयी तरी बोलले जाते, पण बायकांची मशेरी कोणाच्याच खिजगणतीत नसते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि सकाळी दात घासायला म्हणून घेतलेले बोट दिवसभरात चार वेळा हिरडीवरून फिरवायचे, हे सासूबाईंच्या पिढीत घरोघरी होते आणि त्यांच्या स्वतःच्या कमरेच्या पिशवीत ती डबी आजही आहे. तंबाखू खाता का असे कोणी विचारले तर त्या खरोखरच ‘नाही’ म्हणतील, कारण त्यांच्या लेखी मशेरी म्हणजे दंतमंजन. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी उजेडात तोंड उघडून नुसते पाहिल्याने तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. त्यासाठी लागते ती एक बॅटरी, एक लाकडी पट्टी आणि मशेरीचे नाव घेऊन प्रश्न विचारण्याची समज. साडेआठ हजारांच्या प्लॅटिनममध्ये यांतले काहीही नव्हते.

सासूबाईंच्या प्लॅटिनममध्ये जे होते त्यात थायरॉइडची सोनोग्राफी होती. तिच्यात सहा मिलिमीटरची गाठ दिसली आणि कोल्हापूरला जाऊन सुईने तपासणी करून घ्यावी असे चिठ्ठीवर लिहून मिळाले. दक्षिण कोरियात आरोग्य तपासणीच्या पॅकेजांमध्ये ही सोनोग्राफी स्वस्तात घातली गेली, तेव्हा २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाची नोंद १९९३ च्या पंधरापट झाली, हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या आणि त्या आजाराने मरणाऱ्यांचे प्रमाण जिथल्या तिथेच राहिले. लक्षण नसलेल्या माणसाची ही तपासणी करू नये असे त्यामुळेच सांगितले जाते. नेहमीच्या डॉक्टरांनी गाठीचे वर्णन वाचून सुईची गरज नाही असा निर्वाळा दिला, आंबा घाट उतरण्या-चढण्याचे वाचले. परंतु मधल्या आठवड्यात सासूबाईंनी जेवण अर्ध्यावर आणले होते, त्याची भरपाई कोणत्या पॅकेजमध्ये नसते.

त्या वयाला हवे होते ते वेगळेच होते. बसून आणि उभे करून असे दोनदा रक्तदाब पाहायला हवे होते, कारण उठल्यावर दाब एकदम उतरणारी वृद्ध माणसे न्हाणीघरात पडतात. मधुमेह असल्यामुळे दरवर्षी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, पायांची संवेदना आणि लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची मोजणी हवी होती. कानांनी किती ऐकू येते, वर्षभरात कुठे पडलात का, रात्री झोप लागते का, एकटे वाटते का, असे विचारणारे कोणी हवे होते. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडून त्यातली कोणती आता बंद करता येईल हे पाहणारा डॉक्टर हवा होता. हाडांच्या घनतेसाठी टाचेवर ठेवायचे यंत्र वापरले गेले. त्यावरून ठिसूळपणाचे पक्के निदान होत नाही, त्यासाठी कंबर आणि खुब्याची डेक्सा तपासणी लागते.

तुलनेसाठी गावच्या उपकेंद्राचेही सांगणे भाग आहे, कारण पर्याय तोच आहे. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमाखाली तीस वर्षांपुढील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तपासणी मोफत करायची असते. पहिल्या दोन दरवर्षी आणि कर्करोगाच्या दर पाच वर्षांनी असा तिचा क्रम आहे. त्यासाठी आशाताई घरी येऊन सीबॅक नावाचा अर्ज भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्याची हालचाल आणि घरातील आजार यांना गुण देऊन बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला आधी बोलवायचे, अशी त्याची रचना आहे. आमच्याकडे आलेल्या ताईंनी ओटीवर बसून टेपने माझा घेर मोजला आणि सासूबाईंना ‘मशेरी लावता का’ असे नाव घेऊन विचारले. रुग्णालयाच्या वातानुकूलित खोल्यांमध्ये अर्धा दिवस काढूनही या दोन्ही गोष्टी झाल्या नव्हत्या. जिल्ह्यात कर्करोगासाठी अशी गावपातळीवरची तपासणी नवी नाही. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने टाटा मेमोरियलच्या साहाय्याने हे काम बरीच वर्षे केलेले आहे.

अर्थात उपकेंद्राची बाजूही सगळी उजळ नाही. गर्भाशयमुखाची तपासणी करणाऱ्या सिस्टर कधी प्रशिक्षणाला तर कधी लसीकरणाला गेलेल्या असतात, पडद्यामागे जागा अपुरी असते आणि आषाढ-श्रावणात वहाळ भरला की वाडीतल्या बायका ठरलेल्या दिवशी पोहोचत नाहीत. संशयित म्हणून ग्रामीण रुग्णालयात पाठवलेली बाई खरोखर तिथे गेली का, हे पाहण्याची व्यवस्थाही ढिली आहे. यादी उत्तम असून हात अपुरे असलेली जागा आणि हात भरपूर असून यादी चुकलेली जागा, यांत निवड करायची वेळ यावी हे दुर्दैव.

पैशांच्या बाबतीत एक माहिती उपयोगाची आहे. जुन्या करप्रणालीत प्रतिबंधक आरोग्य तपासणीच्या खर्चापैकी ५,००० रुपयांपर्यंतची रक्कम, सगळे ज्याला ८०डी म्हणतात त्या आरोग्य विम्याच्या मर्यादेच्या आत वजा करता येते आणि ती रोखीने भरलेली असली तरी चालते. हा लाभ स्वतः, जोडीदार, अवलंबून असलेली मुले आणि आईवडील यांच्यापुरता आहे. त्यामुळे आमच्या दिरांना सासूबाईंच्या आणि स्वतःच्या मुलाच्या पावत्यांपैकी फक्त आईची दाखवता येईल, कारण मुलगा कमावता आहे. भावाच्या आणि भावजयीच्या पावत्यांचा तर त्यांना काहीच उपयोग नाही.

गोल्डला मी पाचपैकी अडीच गुण देईन आणि ते सगळे प्रयोगशाळेचे आहेत. प्लॅटिनम घेऊ नये. काउंटरवर आग्रह धरला तर पॅकेज बाजूला ठेवून सुट्या चाचण्या निवडता येतात, हे माहितीपत्रकात कुठेही लिहिलेले नाही, पण मी विचारून खात्री केली आहे. तिशीच्या आतील माणसाने सीबीसी, साखर आणि रक्तदाब. चाळिशी-पन्नाशीतील स्त्रीने त्यात कोलेस्टेरॉल आणि एचपीव्ही. मधुमेही वृद्धाने मूत्रपिंडाची चाचणी, लघवीतील अल्ब्युमिन आणि डोळ्यांचा पडदा, अशी निवड केल्यास एचपीव्ही वगळता कोणाचेही बिल गोल्डच्या दरापर्यंत जात नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ बुधवारी आणि शनिवारी दुपारी बसतात. रक्तदाबासाठी जिना चढून गेल्यावर आधी बाकावर टेकून बसावे आणि हाक आली तरी थोडा वेळ मागून घ्यावा. मी मागितला तेव्हा परिचारिकेने कुरकुर न करता दिला आणि माझा दाब दुसऱ्या वेळी १४ अंकांनी खाली आला.